सव्वा पिंप पाणी

नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंत बॅटरीची सायकल चढवायला किती वीज लागते, हा हिशोब मी एका पावसाळ्यात घरी बसून केला. सायकल आणि मी मिळून १०० किलो. चढ सुमारे ७०० मीटर. शाळेतल्या सूत्रात घातलं की ०.१९ युनिट येतं. त्यातला तिसरा हिस्सा मी पायांनी देतो, कारण २५० वॅटची मोटर त्या घाटात एकटी पुरत नाही. पण मोटर तापते, कंट्रोलर तापतो, चार्जर तापतो. या सगळ्याची भर पडून घरच्या प्लगमधून पाव युनिट जातं.

मग पुढचा हिशोब सुचला. आमच्याकडे वीज म्हणजे मुळात डोंगरावरून पडणारं पाणी. खोपोलीच्या वीजघरात ते पाचशे मीटरहून जास्त उंचीवरून येतं. पाव युनिटसाठी किती लागेल? गळती-घट धरून अडीचशे लिटर. म्हणजे न्हाणीघराबाहेर असतं तसं २०० लिटरचं सव्वा पिंप. (माझ्या घरातली वीज महावितरणची आहे आणि तिच्यात कोळशाचाच वाटा मोठा, हे मला ठाऊक आहे. तरी पिंप डोळ्यासमोर आलं की युनिट म्हणजे काय ते कळतं.)

खोपोलीचं वीजघर ११ फेब्रुवारी १९१५ रोजी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते सुरू झालं. पश्चिम घाटात पडणारा पाऊस अडवून त्यावर गिरण्या चालवाव्यात, हा विचार डेव्हिड गॉस्लिंग या मुंबईतल्या इंजिनिअरचा, आणि तो उचलून धरला जमशेटजी टाटांनी. जमशेटजी १९०४ साली गेले. कंपनी उभी राहिली १९१० मध्ये. लोणावळा, वळवण आणि शिरवता इथे पाणी साठवायचं, नळांतून घाटाखाली सोडायचं, त्या धारेने पेल्टन चाकं फिरवायची आणि तयार झालेली वीज तारांवरून सत्तरेक किलोमीटर लांब मुंबईला न्यायची. तोवर तिथल्या कापडगिरण्या कोळशाच्या वाफेवर चालत. १९२२ मध्ये आमच्या कर्जत तालुक्यात भिवपुरीला दुसरं वीजघर आलं, त्याचं पाणी वरच्या ठोकरवाडी धरणाचं. तिसऱ्यासाठी मुळशीत धरण बांधायला घेतलं, तेव्हा १९२१ मध्ये सत्याग्रह झाला. सेनापती बापटांमुळे तो इतिहासाच्या पुस्तकात आहे. खोपोली-भिवपुरी मात्र पुस्तकात फक्त अभिमानाच्या धड्यात येतात.

अभिमान मलाही आहे. आज खोपोलीची क्षमता ७२ मेगावॅट आणि भिवपुरीची ७५. चाकं फिरवून झालेलं पाणी वाया जात नाही. खोपोलीचं पाताळगंगेला मिळतं. भिवपुरीच्या पाण्यावर राजनाला कालवा चालतो आणि कर्जतच्या काही गावांत उन्हाळ्यातही भात होतो. मे महिन्यात हिरवं शेत दिसलं की पाहुणे चकित होतात.

पण मनोरे आमच्या शेतावरून गेलेले आणि घरात कंदील, हे मी लहानपणी पाहिलं आहे. वीज डोक्यावरून मुंबईला जायची. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली झालं, त्यानंतर तालुक्यातली गावं एकेक करून उजळली. आमच्या घरी मी चौथीत असताना दिवा लागला. लाकडी बोर्ड, काळी बेकलाइटची बटणं आणि चिनीमातीचा फ्यूज. फ्यूज उडाला की वडील जाड तार बांधत, म्हणजे परत उडू नये. दोन वर्षांनी बोर्डच जळला. त्या जळक्या बोर्डावर मी पहिल्यांदा स्क्रू ड्रायव्हर चालवला. तार जाड का नको, हे मला कोणी सांगितलं नाही. ते वितळलेल्या रबराच्या वासावरून कळलं.

तेव्हापासून घरातली प्रत्येक गोष्ट मी उघडली आहे. विहिरीवरच्या पंपाचा कपॅसिटर, मिक्सरचे कार्बन ब्रश, इन्व्हर्टर. लुनासुद्धा. पुण्याच्या कायनेटिकने १९७२ मध्ये काढलेली ती पॅडलवाली गाडी म्हणजे खटपट्या माणसाचं विद्यापीठ होतं. चढ लागला की पॅडल मारायचं, इंजिनाला हात द्यायचा. आता २०२४ पासून बॅटरीची ई-लुना निघाली आहे.

दर मे महिन्यात आम्ही घराची कौलं चाळतो. फुटकी काढायची, शेवाळ खरवडायचं, पुन्हा रचायची. माझ्या सायकलीची पावसाळी दुरुस्तीही मी त्यातूनच शिकलो. पाणी येणारच असं धरून चालायचं आणि त्याला बाहेर पडायची वाट द्यायची. पहिल्या वर्षी कंट्रोलरचा डबा मी वरून खालून सीलबंद केला. आत वाफ धरली आणि कनेक्टरवर हिरवा गंज चढला. आता डब्याच्या तळाला भोक आहे, वायर खालून वळण घेऊन आत शिरते आणि जोडांना ग्रीस लावलेलं असतं. बॅटरीत ४० सेल, चार-चारचे दहा गट. एक गट कमी व्होल्टेज दाखवू लागला की अख्खी बॅटरी मेल्यासारखी वागते. दुकानदार नवी घ्या म्हणतो. गट बदलता येतो, पण त्याला स्पॉट वेल्डिंग लागतं. साध्या कावियाने डाग दिला तर सेल तापून बिघडतो, पेटूही शकतो. हे काम मी दुसऱ्याकडून करून घेतो. खटपट कुठे थांबवायची तेही वयाने येतं.

घाटाने खरा धडा दिला तो मोटरीचा. चाकाच्या तुंब्यातल्या मोटरीत नायलॉनची छोटी दातेरी चाकं असतात. तिसऱ्या चढाईत त्यांचे दात गळाले आणि मोटर नुसती गुरगुरत राहिली. उतरताना दुसरी गंमत. या मोटरी उतारावर मोकळ्या फिरतात, म्हणून चढताना कमावलेली सगळी उंची ब्रेकच्या रबरात जळून जाते.

ती न जाळण्याची विद्या कर्जतला शंभर वर्षांपूर्वी येऊन गेली आहे, यावर तरुण मुलांचा विश्वास बसत नाही. बोरघाटातून रेल्वे १८६३ पासून जाते. चढ ३७ ला १. म्हणून कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं लागतात, ती आजही लागतात. १९२८ मध्ये जीआयपी रेल्वेने मालगाड्यांसाठी विजेची ४१ इंजिनं आणायला सुरुवात केली. त्यांच्या कण्हल्यासारख्या आवाजावरून आणि चालीवरून लोकांनी नाव ठेवलं खेकडा. घाट उतरताना त्याच्या मोटरी उलट काम करत, वीज तयार करून वरच्या तारेत परत पाठवत. ती वर चढणाऱ्या गाडीला उपयोगी पडे. आज शोरूममध्ये ‘रिजनरेटिव्ह ब्रेकिंग’ म्हणून नव्या गाडीचं जे कौतुक ऐकवतात, ते हेच. एक खेकडा दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात उभा आहे.

खेकडा घाटात धावत होता तेव्हा शेजारच्या डोंगरावर माणूस माणसाला ओढत होता. माथेरान १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी इंग्रजांच्या नकाशावर आणलं. १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाने बांधलेली छोटी गाडी सुरू झाली. वर मोटारींना बंदी. २००३ पासून तो भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, आणि ते योग्यच आहे, तिथली झाडं त्यामुळेच वाचली. पण त्या शांततेचा भार हातरिक्षांवर होता. एक जण पुढे ओढणार, एक-दोघे मागून ढकलणार. परवाने ९४.

ई-रिक्षा मिळावी म्हणून या रिक्षावाल्यांची संघटना कोर्टात गेली. त्यात पुढाकार सुनील शिंदे या निवृत्त शिक्षकांचा. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये प्रायोगिक परवानगी दिली आणि त्या डिसेंबरात सात ई-रिक्षा फिरू लागल्या. घोडेवाल्यांचा विरोध होता. त्यांचंही पोट त्याच वाटेवर आहे. मग रस्त्याच्या पेव्हर ब्लॉकवरून वाद. २०२४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की ई-रिक्षा द्यायच्या त्या हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच. आणि ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करण्याचा आदेश दिला. गुजरातेतल्या केवडियाच्या धर्तीवर सरकारने ई-रिक्षा घेऊन त्यांना भाड्याने द्याव्यात, असंही म्हटलं. पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, हेही बजावलं.

त्या बातमीनंतर माझ्या ओळखीचा एक रिक्षावाला घरी आला. तीस वर्षं हातरिक्षा ओढलेला माणूस, गुडघे गेलेले. मी पेढे पुढे केले. त्याने एक घेतला आणि विचारलं, “काका, हातरिक्षेचं चाक निखळलं तर मी दगडाने ठोकून बसवायचो. ही बंद पडली तर उघडायची कोणी?”

मी त्याला माझी उघडलेली बॅटरी दाखवली, गट दाखवले, गंज कुठे धरतो ते दाखवलं. वर धुकं चार महिने हटत नाही, तेव्हा कनेक्टरचं काय होणार हे मला दिसत होतं. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “माझ्या डोक्यात नाय शिरायचं हे. पोराला पाठवू का?”

पोरगा आता दर रविवारी येतो. बारावी नापास, बोलतो कमी. पहिल्या रविवारी मल्टिमीटर हातात दिला. अँपिअरच्या खाचेत वायर ठेवून त्याने तो थेट बॅटरीला लावला आणि आतला फ्यूज उडवला. मी काही बोलायच्या आत त्याने मीटर उलटा केला आणि मागचे स्क्रू शोधू लागला.