तबकडीवरचा हात

डीजे हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे गणपती-विसर्जनाची मिरवणूक उभी राहते. ट्रकवर रचलेल्या स्पीकरच्या भिंती, खिडक्यांची तावदाने हादरवणारा दणदणाट आणि कानांत बोळे घालून आत बसलेली म्हातारी माणसे. माणसाचे नाव आपण यंत्राला देऊन मोकळे झालो! मुळात हा शब्द माणसाचा आहे. डिस्क म्हणजे तबकडी, जॉकी म्हणजे घोडेस्वार. तबकडीवर स्वार होतो तो डिस्क जॉकी. अमेरिकेतील रेडिओच्या जगात १९४०च्या सुमारास हा शब्द रूढ झाला. स्वार म्हटला की तो पुरुषच असायचा, हेही न बोलता गृहीत धरले गेले. ते गृहीत ज्यांनी मोडले, त्यांपैकी एका बाईंची हकीकत येथे सांगायची आहे.

१९६७ साली ब्रिटिश सरकारने समुद्रात नांगरलेल्या जहाजांवरून विनापरवाना चालणारी नभोवाणी केंद्रे कायद्याने बंद पाडली. तरुण मंडळी अहोरात्र तीच ऐकत असत. त्यांची भूक भागवण्यासाठी बीबीसीने त्याच वर्षी ३० सप्टेंबरला ‘रेडिओ वन’ ही वाहिनी सुरू केली. जहाजांवर तयार झालेले अनेक निवेदक तिने उचलले. ते सारे पुरुष होते.

अ‍ॅनी नाइटिंगेल या बाईंचा जन्म १९४०चा. ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी त्यांनी वृत्तपत्रात बातमीदारी केली, पुढे दूरचित्रवाणीवर निवेदन केले. संगीताची जाण होती, बोलण्यात ठसका होता. रेडिओ वनकडे त्यांनी काम मागितले तेव्हा त्यांना नकार मिळाला. त्याचे कारण त्यांनीच पुढे अनेकदा सांगितले आहे. दिवसा रेडिओ ऐकतात त्या घरी एकट्या असणाऱ्या गृहिणी. त्यांना निवेदकाच्या आवाजात गैरहजर नवऱ्याची जागा भरून काढणारा कोणी तरी हवा असतो. मग तेथे बाईचे काय काम? या तर्कशास्त्राला हसावे की रडावे, हे वाचकांनीच ठरवावे. बाईंनी मात्र पिच्छा सोडला नाही आणि १९७०च्या आरंभी त्या रेडिओ वनच्या पहिल्या स्त्री डिस्क जॉकी झाल्या.

येथे एक शंका येईल. बीबीसीत तोवर यंत्रांजवळ बायका नव्हत्याच की काय? होत्या, आणि खरी मेख तेथेच आहे. डेलिया डर्बिशर या केंब्रिजमध्ये गणित आणि संगीत शिकल्या. १९५९ साली लंडनच्या एका ध्वनिमुद्रण कंपनीने त्यांना, आम्ही स्टुडिओत बायका घेत नाही, असे सांगून परत पाठवले. पुढे बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये त्यांनी ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे शीर्षक-संगीत घडवले. स्वररचना रॉन ग्रेनर यांची. पण तो ध्वनी कोणत्याही वाद्यातून निघालेला नव्हता. विद्युत्-यंत्रातून निघणारे सूर फितीवर घ्यायचे, फीत पात्याने कापायची, एकेक तुकडा मोजून जोडायचा, असे ते काम होते. ग्रेनर ते ऐकून थक्क झाले आणि बाईंचा सहरचनाकार म्हणून उल्लेख व्हावा असा त्यांनी आग्रह धरला. बीबीसीने तो मानला नाही. नोव्हेंबर १९६३मध्ये मालिका सुरू झाली. पडद्यावर नाव आले ते वर्कशॉपचे. त्या मालिकेत डर्बिशरबाईंचे नाव झळकले ते २०१३ साली. बाई २००१मध्येच वारल्या होत्या.

म्हणजे बाईचे हात चालत होते. चालत नव्हते ते तिचे नाव. नाइटिंगेलबाईंच्या १९७०च्या प्रवेशाचे मोल या पार्श्वभूमीवर कळते. स्वतःच्या नावाने बोलायचे, स्वतःच्या पसंतीची तबकडी लावायची, आणि चुकले तर ती चूकही स्वतःच्याच नावावर घ्यायची.

दार उघडले खरे. परंतु त्यांच्या मागून कोणी आत येईना. पुढची १२ वर्षे त्या वाहिनीवर त्या एकट्याच स्त्री डिस्क जॉकी होत्या. १९८२मध्ये जॅनिस लाँग आल्या तेव्हा कुठे हे एकटेपण संपले. दरम्यान १९७८पासून चार वर्षे नाइटिंगेलबाईंनी दूरचित्रवाणीवर ‘ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट’ हा नामांकित संगीत-कार्यक्रम सांभाळला. मग रविवारच्या संध्याकाळी श्रोत्यांच्या फर्माइशींचा कार्यक्रम. आपल्या ‘आपली आवड’वर वाढलेल्यांना त्याची गोडी वेगळी सांगायला नको.

एवढ्यावर कोणीही समाधानाने निवृत्त झाले असते. पण याच काळात तबकडी लावण्याची कलाच बदलत होती. शिकागोच्या नृत्यगृहांत ढोलकीयंत्राच्या ठेक्यावर उभे राहिलेले ‘हाउस’ संगीत १९८८च्या उन्हाळ्यात इंग्लंडभर पसरले. आता दोन तबकड्या शेजारीशेजारी फिरू लागल्या. एक श्रोते ऐकत असतात. दुसरी डीजे एका कानाला लावलेल्या हेडफोनमधून एकटाच ऐकतो, बोटाने तिला अडवतो, सोडतो, तिची गती किंचित कमीजास्त करतो. मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके पडत असतात. दोन्हींची लय जुळली आणि सम सापडली की पहिलीतून दुसरी अशी निघते, की नाचणाऱ्याचे पाऊल थांबत नाही. आपल्या तबलजीला हे काम परके वाटणार नाही.

सरकारला मात्र ते भयंकर वाटले. रानात रात्रभर चालणाऱ्या या मेळ्यांना आवर घालण्यासाठी १९९४चा कायदा झाला, आणि त्यात एकामागून एक पडणारे पुनरावृत्त ठोके हे त्या संगीताचे लक्षण म्हणून नोंदवले गेले. ठेक्याची व्याख्या कायदेपंडितांनी करावी, याहून मौज ती कोणती?

त्याच वर्षी ५४ वर्षांच्या नाइटिंगेलबाईंनी फर्माइशींचा कार्यक्रम सोडला आणि रेडिओ वनवरच उत्तररात्रीची वेळ पत्करून इलेक्ट्रॉनिक संगीताचा नवा कार्यक्रम सुरू केला. त्यांच्या पिढीतील निवेदक जुन्या गाण्यांच्या आठवणी सांगत होते तेव्हा या बाई नातवंडांच्या वयाच्या मुलांकडून नव्या तबकड्या मागवून ऐकत होत्या, देशोदेशींच्या नृत्यगृहांत जाऊन त्या वाजवतही होत्या. ११ जानेवारी २०२४ रोजी त्यांचे निधन झाले, तोवर रेडिओ वनवरचे त्यांचे काम सुरूच होते. इतकी दीर्घ सेवा त्या वाहिनीवर दुसऱ्या कोणाही निवेदकाची नाही.

पण मला त्यांची खरी कामगिरी दीर्घ सेवेत दिसत नाही. पहिली येणारी व्यक्ती पुष्कळदा दाराशीच बसते. आपण एकटे असण्यातला मान तिला सोडवत नाही. १२ वर्षांच्या एकटेपणाला नाइटिंगेलबाई मान समजल्या नाहीत, उणीव समजल्या. म्हणूनच २०२१ साली, ऐंशी उलटल्यावर, त्यांच्या नावाने बीबीसीने एक शिष्यवृत्ती सुरू केली. ती आहे इलेक्ट्रॉनिक संगीतात नुकत्याच उतरलेल्या डीजेंसाठी; प्रामुख्याने मुलींसाठी. त्यांना नभोवाणीवर स्वतःच्या नावाने वाजवायला मिळावे, हा तिचा हेतू.

अशा एखाद्या नवख्या मुलीचा हात तबकडीवर पडतो तेव्हा तो थोडा थरथरत असेल. परंतु तू कोणाच्या नवऱ्याची जागा भरून काढणार, असे तिला आता कोणी विचारणार नाही. तिने फक्त सम गाठायची आहे.