रजिस्टरांतील एक ओळ



मूल हायस्कुलांत घालणें म्हणजे फी भरणें व पुस्तकें घेणें, एवढेंच बहुतेक घरीं समजलें जातें. परंतु त्याच दिवशीं शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरांत मुलाच्या नांवाची एक ओळ लिहिली जाते. नांव, जात, जन्मतारीख, पूर्वीची शाळा. ती ओळ पुढें त्या घराला कशी बांधून ठेवते, हें आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या अनुभवावरून सांगावयाचें आहे.

आपला जिल्हा १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. त्या काळीं व पुढेंही कित्येक वर्षें खेड्यांतील जन्ममृत्यूची नोंद कोतवाल बुकांत होई. अमक्याला मुलगा झाला, एवढेंच बहुधा त्यांत असे. बाळाचें नांव नसे. आईबापांना दिवस आठवे, तारीख नव्हे. ‘पोळ्याच्या आदल्या दिवशीं’, ‘वेचणीच्या हंगामांत’ अशीं उत्तरें येत. मग मास्तर तोंड पाहून वर्ष ठरवी आणि दिवस घाली १ जुलै. उन्हाळ्यामुळें विदर्भांत शाळा जूनच्या अखेरीस उघडत; त्या तारखेला वय पुरें धरलें कीं प्रवेशाचा नियम पाळल्यासारखें होई. गांवोगांवचीं जुनीं रजिस्टरें उघडलीं तर अर्धा वर्ग एकाच दिवशीं जन्मलेला आढळतो!

मीही १ जुलैचाच. आई सांगे, तूं पोळ्याचा. सरकारनें मात्र मला ३० जूनला घरीं बसविलें. पोळा त्यानंतर आला.

प्राथमिक शाळेच्या दाखल्यावरून ती तारीख हायस्कूल उतरून घेतें, आणि तेथून ती मॅट्रिकच्या प्रमाणपत्रावर चढते. माध्यमिक शाळा संहितेचा नियम असा कीं, मूल शाळेंत आहे तोंवर पुरावा देऊन व शिक्षण खात्याची मंजुरी घेऊन दुरुस्ती करतां येते. शाळा सोडल्यावर मात्र, उघड लेखनदोष वगळतां, नांव, जात वा जन्मतारीख बदलतां येत नाहीं. नियमाचा हेतु वाईट नाहीं. नोकरीसाठीं वय कमी करून घेणारे कांहीं थोडे नसतात. तथापि हा नियम प्रवेशाच्या दिवशीं पालकाला कोणी वाचून दाखवीत नाहीं, आणि मीही कधीं दाखविला नाहीं.

पैनगंगेकांठच्या एका गांवीं मी नोकरीस असतां एका सालदाराच्या मुलाचें वय मीं वर्षभर वाढवून लिहिलें. पट भरावयाचा होता, दुसरें कारण नव्हतें. पुढें तो मुलगा पोलीस भरतीस गेला, तेव्हां कांहीं महिन्यांनीं वयोमर्यादेबाहेर ठरला. दाखला घेऊन तो माझ्या घरीं आला. आम्ही दोघे त्याच्या हायस्कुलांत गेलों. मुख्याध्यापकांनीं संहितेचें पान उघडून पुढें ठेवलें. त्यावर मला बोलण्यासारखें कांहीं नव्हतें. परत येतांना वाटेंत तो मला चहा पाजूं लागला, आणि तो चहा माझ्या घशाखालीं उतरेना.

जातीच्या रकान्याची गोष्ट याहून अवघड. जातपडताळणीचा कायदा महाराष्ट्रानें २००० सालीं केला, तेव्हांपासून ह्या जुन्या पानांना फारच मोल आलें आहे. अनुसूचित जाति-जमातींस १९५०, विमुक्त-भटक्यांस १९६१ आणि इतर मागासवर्गीयांस १९६७ ह्या सालांपूर्वींचा पुरावा विचारला जातो. गोंड, कोलाम, परधान, तांड्यावरील बंजारा, साऱ्यांचीं मुलें आजोबांच्या शाळेचा उतारा शोधीत हिंडतात. ज्यांच्या आजोबांनीं शाळेचें दार पाहिलें नाहीं आणि ज्यांच्या नांवें शेतही नव्हतें, त्यांनीं काय आणावें? नियम करणारांनीं ह्या घराचा पुरता विचार केला असें मला वाटत नाहीं.

थोडें सुधारलें हेंही खरें. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्याप्रमाणें वयाचा दाखला नाहीं म्हणून आठवीपर्यंत कोणाही मुलास प्रवेश नाकारतां येत नाहीं. शिवाय १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शाळेच्या व इतर सरकारी कागदांवर मुलाच्या नांवामागोमाग आईचें नांव, मग वडिलांचें, असा क्रम महाराष्ट्र सरकारनें ठरविला आहे. माझ्या ओळींत आईचा रकानाच नव्हता. पोळ्याची खूण ठाऊक होती ती मात्र तिला एकटीला, आणि प्रवेशाच्या दिवशीं तिला कोणीं विचारलें नाहीं. ती बाहेर व्हरांड्यांत उभी होती.