एकांतवास, सागरी व अवकाशीय
कुटुंब व समाज यांपासून दीर्घकाळ दूर, मर्यादित जागेत, एकट्याने किंवा त्याच त्या मोजक्या सोबत्यांसह राहण्याच्या स्थितीस एकांतवास म्हणतात. सागरी सफरीत तो व्यवसायाचा भाग म्हणून वाट्यास येतो. अवकाशप्रवासाच्या सदृशीकरणात, म्हणजे अवकाशयानातल्यासारखी परिस्थिती पृथ्वीवरच मुद्दाम निर्माण करून घेतलेल्या प्रयोगात, तो अभ्यासासाठी स्वेच्छेने पतकरला जातो. दोहोंत साम्य पुष्कळ असले, तरी सुटकेचा दिवस कोणाच्या हाती असतो या बाबतीत त्यांत मूलभूत भेद आहे. रत्नागिरी जिल्ह्याचा नौकानयनाचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक ठरतो.

बाणकोट, हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, पूर्णगड इ. बंदरांतून गलबते, पडाव व मचवे यांची वाहतूक पूर्वीपासून चालत असे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात समुद्र खवळत असल्याने ही जहाजे किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवीत आणि नारळी पौर्णिमेस समुद्राची पूजा झाल्यावर नवा हंगाम सुरू होई. त्यामुळे तांडेल व खलाशी यांचे घरापासूनचे दूरत्व कष्टाचे व जोखमीचे असले, तरी त्यास ऋतुचक्राची मर्यादा होती. पावसाळ्यापूर्वी माणूस घरी परतणार, ही अपेक्षा घरी व जहाजावर सारखीच असे.

एकोणिसाव्या शतकात आगबोटींची वाहतूक वाढल्यावर रत्नागिरी जिल्ह्यातील पुष्कळ खलाशी मुंबई बंदरातून परदेशी जाणाऱ्या जहाजांवर नोकरीस लागले. ऋतूची जागा आता कराराने घेतली. खलाशांची भरती बहुधा सारंगामार्फत होई व तो आपल्या गावातील किंवा नात्यातील माणसे निवडी. भाषा, अन्न व धार्मिक आचार समान असल्याने परक्या समुद्रावरही गावाचा एक तुकडा जहाजात नांदत असे. तथापि नोकरी देणारा व हुकूम सोडणारा एकच असल्याने त्याच्याविरुद्ध तक्रार करणे कठीण जाई. घरची खबर पुढील बंदरातच मिळे. आप्तांची सोबत हा आधार होता, तसाच तो दाबही होता.

स्वेच्छेने पतकरलेल्या सागरी एकांतवासाची अलीकडील उदाहरणे भारतीय नौदलातील आहेत. दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून मुंबईहून निघून २००९-१० मध्ये चार ठिकाणी थांबत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय होत. अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता सु. १५० दिवसांत ही प्रदक्षिणा पुरी केली. एकट्या नाविकास सलग झोप घेता येत नाही. वारा, शिडे व इतर जहाजे यांवर लक्ष ठेवण्यासाठी त्यास वारंवार उठावे लागते.

अवकाशप्रवासाच्या तयारीसाठी असे प्रयोग १९६० नंतरच्या दशकात झाले. सोव्हिएट रशियात १९६७-६८ मध्ये तीन व्यक्तींनी बंदिस्त कक्षात एक वर्ष काढले. १९६९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ‘बेन फ्रँक्लिन’ या पाणबुडीतून सहा जण गल्फ प्रवाहाबरोबर सु. ३० दिवस वाहत गेले. त्यांच्या वर्तनाचा अभ्यास अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेने केला. मॉस्को येथील ‘मार्स-५००’ प्रयोगात (२०१०-११) सहा पुरुष ५२० दिवस बंदिस्त राहिले. काळ लोटला तशी त्यांची हालचाल मंदावली, विश्रांतीचा काळ वाढला व काहींचे निद्राचक्र बिघडले. ह्यूस्टन येथे ‘नासा’च्या प्रयोगात (२०२३-२४) चौघे ३७८ दिवस राहिले. मंगळाच्या अंतरामुळे संदेशास लागणारा विलंब या दोन्ही प्रयोगांत कृत्रिम रीतीने योजला होता.

एकसुरीपणा, झोपेतील बिघाड, घरच्या बातमीची प्रतीक्षा आणि क्षुल्लक कारणावरून होणारे मतभेद हे दोन्ही प्रकारांत संभवतात. भेद धोक्याच्या प्रसंगी दिसून येतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये हवाई बेटावरील मंगळ-सदृशीकरणात एका सदस्यास विजेचा धक्का बसला, तेव्हा त्यास रुग्णालयात नेण्यात आले व ती मोहीम थांबविण्यात आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरात वादळाने टॉमी यांच्या नौकेची डोलकाठी मोडली. पाठीस जबर दुखापत झालेल्या अवस्थेत त्यांना सु. तीन दिवस मदतीची वाट पाहावी लागली. सदृशीकरणात दार बंद असते. पण ते उघडणारे बाहेर जवळच असतात. समुद्रावर तसे दार नसते.

मुदतीचे महत्त्व २०२० मधील कोविड-१९ महासाथीत अधिक स्पष्ट झाले. २००६ च्या सागरी श्रमसंकेतानुसार खलाशाची जहाजावरील सलग सेवा बारा महिन्यांहून कमी असावी लागते. परंतु बंदरे व विमानवाहतूक बंद झाल्याने कर्मचाऱ्यांची अदलाबदल थांबली आणि वर्षअखेरीस जगभरात सु. चार लाख खलाशी मुदत संपूनही जहाजांवर अडकून पडले होते. त्यांत भारतीयही होते. काम तेच, सोबती तेच, जहाज तेच. केवळ परतीची तारीख नाहीशी झाली होती.

सदृशीकरणाचे प्रयोग माणूस किती दिवस तग धरतो हे मोजतात. पण त्यांतील सहभागी व्यक्तींना शेवटचा दिवस पहिल्या दिवशीच ठाऊक असतो. गलबतावरील खलाशास तो ऋतू सांगे व आगबोटीवरील खलाशास करार. तो दिवसच अनिश्चित झाला, तर काय घडते, याचा अनुभव प्रयोगशाळेपेक्षा खलाशांच्या इतिहासातच अधिक सापडतो. मंगळाकडे जाणाऱ्या प्रवाशांसही इच्छेनुसार माघारी फिरता येणार नाही. म्हणून त्या प्रवासाच्या तयारीत प्रयोगांतील नोंदींइतकेच या अनुभवासही महत्त्व आहे.