खेळाच्या डबीतला नवा कारभारी



तळ्याचा धनी कोण? ज्याने पाळ बांधली तो, ज्याच्या नावाने कागद आहे तो, की ज्याच्या हाती तुडूम, म्हणजे पाणी सोडण्याची मोरी, आहे तो? भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. गोंड राजांच्या काळात कोहळी मंडळींनी इथे तळी बांधली. पुढे त्यांची व्यवस्था मालगुजारांकडे आली. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि १९५१ साली तळी सरकारकडे आली. म्हणून आजही आपण त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतो. पाळ तीच, पाणी तेच, धानाच्या बांध्याही त्याच. बदलला तो कारभार.

आज एका अगदी निराळ्या वस्तूचा इतिहास सांगायचा आहे. ती वस्तू म्हणजे मुलांच्या हातात मावणारे खेळाचे यंत्र. वस्तू निराळी खरी, पण प्रश्न तोच आहे: तुडूम कोणाच्या हाती?

जपानातील क्योतो शहरी १८८९ साली निन्टेंडो नावाची पेढी पत्ते बनवण्यासाठी निघाली. याच पेढीतील गुनपेई योकोई या कारागिराच्या कल्पनेतून १९८० साली खिशात मावणारी खेळाची डबी आली. एका डबीत ठरलेला खेळ, दुसरे काही नाही. १९८९ साली ‘गेम बॉय’ आला. यात खेळाची वडी बदलता येई. एक वडी काढावी, दुसरी घालावी, की नवा खेळ सुरू. मात्र यात एक मेख होती. यंत्र सुरू होताच ते वडीतील निन्टेंडोचे बोधचिन्ह आपल्याजवळच्या चिन्हाशी ताडून पाही. जुळले तर ठीक, नाही तर यंत्र तिथेच थांबे. पैसे तुम्ही मोजलेत, यंत्र तुमच्या हातात आहे, पण आत काय चालावे हे ठरवणार बनवणारा!

आता कोणत्याही संगणकात, मग तो टेबलावरचा असो की हातातला, एक कारभारी लागतो. पडद्यावर काय दाखवायचे, कळ दाबली तर काय करायचे, बॅटरी कशी पुरवायची, हे सारे तो पाहतो. त्याला कार्यप्रणाली म्हणतात. खेळाच्या यंत्रातला कारभारी मालकाने नेमलेला आणि मालकाचेच ऐकणारा असतो. पण जगात दुसऱ्याही जातीचा कारभारी निपजला. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स या कार्यप्रणालीचा गाभा लिहिला आणि तो सर्वांना वाचायला व सुधारायला मोकळा ठेवला. त्याच गाभ्यावर अँड्रॉइड ही मोबाइलची कार्यप्रणाली उभी राहिली. २००८ साली तिचा पहिला फोन आला आणि तिच्या आज्ञांचा मूळ मसुदाही त्याच वर्षी खुला झाला. जाणकार माणूस तो मसुदा घेऊन आपल्या यंत्राजोगा करू शकतो.

मग हा मोबाइलचा कारभारी खेळाच्या यंत्रात बसवता येईल का? बनवणाराच राजी असेल तर अडचण नाही. एन्व्हिडिया या अमेरिकन कंपनीने २०१३ साली ‘शील्ड’ नावाचे हातातले खेळयंत्र काढले, त्यात अँड्रॉइड कारखान्यातूनच घातलेले होते. खरी कसोटी पुढे लागली. मार्च २०१७ मध्ये निन्टेंडोने ‘स्विच’ हे यंत्र आणले. त्याच्या पोटात एन्व्हिडियाचीच ‘टेग्रा एक्स-१’ ही चिप होती. हीच चिप त्या कंपनीने २०१५ साली दूरदर्शन संचाला जोडायच्या एका अँड्रॉइड यंत्रात वापरली होती. म्हणजे या चिपवर अँड्रॉइड चालते हे ठाऊकच होते. अडत होते ते फक्त कुलूप.

ते कुलूप कसे उघडले, हे आपल्याकडच्या माणसाला चटकन समजेल. चिप सुरू झाली की सर्वांत आधी तिच्यात कायमच्या कोरलेल्या आज्ञा चालतात. त्या पुढच्या कारभाऱ्याचा शिक्का तपासतात. पण दुरुस्तीसाठी एक मागचे दार ठेवले होते. त्या दाराने माहिती आत घेताना ती किती येत आहे, हे नीट मोजलेच जात नव्हते. पाळीच्या उंचीपेक्षा पाणी जास्त आले म्हणजे काय होते? ते पाळीवरून वाहते आणि नको तिथे शिरते. तसेच झाले. जास्तीची माहिती ठरल्या जागेबाहेर सांडली आणि चिपला नव्या आज्ञा देणे शक्य झाले. एप्रिल २०१८ मध्ये केट टेमकिन आणि इतर अभ्यासकांनी हा दोष जाहीर केला. कोरलेल्या आज्ञा मागाहून बदलता येत नाहीत. त्यामुळे तोवर विकलेल्या दीड कोटीहून अधिक यंत्रांतील दोष कंपनीलाही बुजवता आला नाही. नव्या यंत्रांत मात्र तिने तो बुजवला.

पुढे जुलै २०१९ मध्ये स्वयंसेवकांच्या एका गटाने ‘लिनेज ओएस’ हे अँड्रॉइडचे रूप स्विचवर चालवून दाखवले. ते नखाएवढ्या मेमरी कार्डावर राहते. कार्डावरून यंत्र सुरू केले की ते मोबाइलसारखे वागते. तसे न केले तर जुना कारभारी आपल्या जागी हजर! पहिल्या आवृत्तीत उणिवाही होत्या. यंत्र पुरते झोपी जात नसे, म्हणून बॅटरी लवकर उतरे.

तुम्ही म्हणाल, या साऱ्याचे आपल्याला काय? तर ऐका. स्विचच्या मूळ कारभाऱ्याला मराठी येत नव्हती. अँड्रॉइडमध्ये २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीपासून मराठी ही यंत्राची भाषा म्हणून निवडता येते. म्हणजे कारभारी बदलला, तर त्याच काचेवर मराठी अक्षरे उमटतात आणि त्याच डबीवर मुलाला मराठी पुस्तक वाचता येते.

पण एक भेद ध्यानात ठेवा. आपले यंत्र आपल्या कामाला लावणे वेगळे आणि दुसऱ्याचा खेळ फुकटात पळवणे वेगळे. चोरीचे खेळ चालवणारी साधने विकणाऱ्या टोळीतील एकाला अमेरिकेच्या न्यायालयाने २०२२ साली चाळीस महिन्यांची कैद दिली. शिवाय कुलूप उघडलेल्या यंत्राला कंपनी आपल्या जाळ्यावर बंदी घालू शकते. हे समजूनच हात घालावा.

आणि शेवटची गोष्ट आपली तळीच शिकवतात. मालगुजारी गेली, पण पुष्कळ तळ्यांत गाळ साचला. कारण पूर्वी पाळ राखणारा कोणीतरी होता, पुढे ती जबाबदारी कोणाचीच उरली नाही. खुल्या कार्यप्रणालीचेही असेच आहे. लिनेज ओएसच्या आधीचा ‘सायनोजेनमॉड’ हा प्रकल्प २०१६ च्या अखेरीस बंद पडला. काही मंडळींनी त्याचा मसुदा उचलून पुढे चालवला, म्हणून काम टिकले. तुडूम हाती आले म्हणजे गाळ काढण्याचे कामही अंगावर आले.

भारत सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक माहितीकेंद्र संगणकजाळ्यावर सुरू केले. तेव्हा गुरुजनहो, शाळेसाठी एखादे यंत्र घ्याल, तेव्हा किंमत जरूर विचारा, पण त्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारा: याचा कारभारी बदलता येईल का, आणि बदलल्यावर त्याची राखण कोण करील? मुलांनाही हे दोन प्रश्न विचारायला शिकवा. उद्याची तळी त्यांनाच राखायची आहेत.