सारखा (विशेषण)

सारखा हे मराठी भाषेतील साम्य दर्शविणारे विशेषण आहे. दोन किंवा अधिक व्यक्ती, वस्तू अथवा क्रिया यांतील रूप, गुण, माप किंवा स्थिती जुळत असल्यास त्याचा प्रयोग होतो.

व्युत्पत्ती

संस्कृत ‘सदृक्ष’ या शब्दापासून प्राकृत ‘सरिक्ख’ आणि त्यातून हा शब्द आला. जुन्या मराठीत ‘सारिखा’ असे रूप आढळते. हिंदीतील ‘सरीखा’ व गुजरातीतील ‘सरखुं’ हे त्याचे सगोत्र शब्द होत.

रूपे

हे विकारी विशेषण आहे. एकवचनात सारखा, सारखी, सारखे. अनेकवचनात सारखे, सारख्या, सारखी अशी रूपे होतात. सामान्यरूप ‘सारख्या’ असे होते.

उपयोग

• विशेषण : दोघींच्या साड्या सारख्या आहेत.
• शब्दयोगी : आईसारखी मुलगी. येथे तो नामाच्या सामान्यरूपाला जोडून लिहितात. ‘माझ्या सारखा’ असे तोडून लिहिणे अशुद्ध आहे. शब्दयोगी अव्यये सहसा अविकारी असतात, ‘सारखा’ मात्र लिंगवचनानुसार बदलतो.
• योग्यता : पाहण्यासारखा किल्ला, म्हणजे पाहण्याजोगा.
• भास : पाऊस आल्यासारखे वाटते.
• सातत्य : मूल सारखे रडते.
• ‘सारखा करणे’ : नीट करणे, पदर सारखा करणे.

अर्थाची संदिग्धता

‘दोघे भाऊ सारखे भांडतात’ या वाक्यात साम्य व सातत्य हे दोन्ही अर्थ संभवतात. संदर्भानेच निर्णय होतो. ‘टिळकांसारखे नेते’ या प्रयोगात बहुधा स्वतः टिळकही अंतर्भूत असतात. ‘तुमच्यासारख्या जाणकाराने असे बोलावे?’ यात तर रोख केवळ ऐकणाऱ्यावरच असतो.

जवळचे शब्द

‘सारखा’ म्हणजे ‘तोच’ नव्हे. ‘तीच छत्री’ म्हटल्यास छत्री एक, ‘सारखी छत्री’ म्हटल्यास दोन. ‘समान’ हा शब्द हक्क, दर्जा व प्रमाण यांसाठी रूढ आहे. म्हणून ‘समान कामासाठी समान वेतन’ असे म्हटले जाते. भूमितीत केवळ आकार जुळणाऱ्या आकृतींना ‘समरूप’, तर आकार व माप दोन्ही जुळणाऱ्यांना ‘एकरूप’ म्हणतात. व्यवहारात दोन्हींना ‘सारख्या’ म्हटले जात असल्याने विद्यार्थ्यांनी हा भेद ध्यानात घेणे आवश्यक ठरते.

अलंकारातील स्थान

उपमा अलंकारात उपमेय, उपमान व साधारण धर्म यांच्याबरोबर साधर्म्यसूचक शब्द असतो. सम, समान, सदृश, जसा, प्रमाणे यांच्यासह ‘सारखा’ हा असाच शब्द आहे.