बदली कामगार आणि मालवण किनारा : असुरक्षित रोजगाराचा एक इतिहास

नोकरीतील असुरक्षितता हा कंत्राटी युगाचा प्रश्न मानला जातो. मात्र मालवण किनाऱ्यावरील कुटुंबांनी तो मुंबईच्या कापड गिरण्यांत पिढ्यानपिढ्या अनुभवला. कायम कामगार गैरहजर असेल तरच ज्यास काम मिळे, तो ‘बदली’. पाळीच्या वेळी गिरणीच्या दारात उभे राहावयाचे आणि काम न मिळाल्यास खोलीवर परतावयाचे, हा त्याचा नित्यक्रम. भरती जॉबरच्या मर्जीवर असल्याने कौशल्यापेक्षा ओळख व लाच यांस महत्त्व आले. १९३५ च्या बदली नियंत्रण योजनेने जॉबरच्या अधिकारास काहीसा आळा बसला, तरी अनिश्चितता संपली नाही. आज एका, तर उद्या दुसऱ्या यंत्रावर काम करणाऱ्याचा हात बसणे कठीणच. त्याचा परिणाम कामावर होणे अपरिहार्य होते.

गाव मनीऑर्डरवर जगे हे खरे. परंतु बेकारीत कामगारास आधार गावच्या शेतीचाच होता. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे २.५ लाख कामगारांनी संप पुकारला, तेव्हा बदली कामगारांना कायम करावे ही मागणीही त्यात होती. संप मोडला आणि असंख्य कामगार गावी परतले. तात्पर्य, असुरक्षिततेची किंमत गिरणीच्या हिशेबवहीत दिसत नाही. ती गावाकडील घरांनी, विशेषतः स्त्रियांनी, चुकती केली.