मोटारीत मोटार

आपल्या भाषेत 'मोटार' हा शब्द दोन घरी नांदतो. मुंबईपुण्याच्या माणसाने 'मोटार' म्हटले की डोळ्यांपुढे चार चाकांची, माणसे वाहून नेणारी गाडी उभी राहते. पण सातारा-सांगलीकडच्या एखाद्या मळ्यात, विहिरीच्या थारोळ्यापाशी उभे राहून 'मोटार चालू आहे का?' असे विचारावे, तर उत्तर मिळते ते 'लाइट रात्री येणार' असे. ह्या दोन घरांतला भेद असा की, विहिरीवरची मोटार नावाप्रमाणे खरोखरच मोटार आहे आणि रस्त्यावरच्या मोटारीत मात्र शंभरांहून अधिक वर्षे इंजिन ठाण मांडून बसले आहे. गेल्या काही वर्षांत जुन्या युरोपीय गाड्यांतले हे इंजिन उतरवून त्या जागी विजेची मोटार बसवण्याचा व्यवसाय इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी ह्या देशांत रुजला, आणि आपल्याकडेही त्याचे कायदे, त्याचे साहित्य आणि त्याचे हौशी लोक निर्माण झाले. ह्या कृतीचे कूळ विलायतेतच शोधण्याचा प्रघात पडला आहे. माझे म्हणणे असे की, तिचे निम्मे कूळ महाराष्ट्राच्या विहिरीवर आणि मुंबईच्या गिरणीत सापडते.

प्रथम विहिरीकडे जाऊ. मोल्सवर्थच्या १८५७ सालच्या कोशात 'मोट' आहे, 'मोटार' असण्याचे कारणच नव्हते. धावेवरून उतरणारी बैलजोडी, नाडा आणि सोंदूर ह्यांच्या आधाराने वर येणारी कातड्याची मोट आणि थारोळ्यात ओतले जाणारे पाणी, ही व्यवस्था शतकानुशतके चालली. मग तेलावर चालणारे इंजिन आले आणि त्याच्यामागोमाग वीज आली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, तिथे नांगरांपाठोपाठ पंप घडू लागले, आणि १९४६ ह्या एकाच साली किर्लोस्करांच्या घराण्याने पुण्यात तेलाच्या इंजिनांचा व बंगळूरला विजेच्या यंत्रांचा असे दोन कारखाने उभे केले. त्या दोन कारखान्यांच्या मालाची गाठ पुढे गावोगावच्या विहिरींवर पडली. ज्या शिवारात विजेचे खांब पोचले, तिथल्या शेतकऱ्याने 'इंजिन काढून मोटार बसवली' हे वाक्य कोणत्याही पाठ्यपुस्तकाचा आधार न घेता उच्चारले. आणि पंप तोच, विहीर तीच, पाट तोच राहून केवळ बळ देणारे यंत्र बदलता येते, हे ज्ञान त्या एका वाक्यात साठवले गेले. 'मोट' आणि 'मोटार' ह्यांचा व्युत्पत्तीने काडीमात्र संबंध नाही, एक शब्द देशी तर दुसरा इंग्रजीतून आलेला. परंतु मोटेचे काम मोटारीने उचलल्यामुळे खेड्यातल्या कानाला ते नाव परके वाटले नाही, असे मला वाटते.

शहराचा इतिहासही ह्याहून निराळा नाही. मुंबईत १८७४ साली सुरू झालेली घोड्यांची ट्रॅम १९०७मध्ये विजेवर आली. टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून १९१५ साली घाटमाथ्याच्या पाण्याची वीज मुंबईस पोचू लागली, तेव्हा तिचे पहिले मोठे गिऱ्हाईक गिरण्या होत्या, आणि वाफेच्या इंजिनाने एकाच धुऱ्यावरून दोर व पट्टे यांच्या साहाय्याने सबंध गिरणी फिरवण्याची रीत मागे पडून साच्यांच्या खात्यांत मोटारी येत गेल्या. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी हिंदुस्थानातली पहिली विजेची आगगाडी बोरीबंदराहून निघून हार्बरच्या मार्गाने कुर्ल्यास गेली. त्याच मार्गाचा फाटा १९९२ साली खाडी ओलांडून वाशीस आला, म्हणजे नवी मुंबई ज्या रुळांवर रोज कामाला जाते ते रूळ अशाच एका बदलाचे वारस आहेत. आणि २०१६मध्ये त्या मार्गावरची १५०० व्होल्टची एकदिश वीज जाऊन २५००० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज आली, तेव्हा बदलाचीच पुन्हा एकदा उजळणी झाली.

कुर्ल्याचे नाव इथे सोडून पुढे जाता येत नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि तिचा कारखाना कुर्ल्यास, आग्रा रोडवर उभा राहिला. इटलीच्या फियाट कंपनीने १९५३मध्ये जगापुढे आणलेली ११०० ही गाडी तिथे परवान्याने तयार होऊ लागली. पुढे 'डिलाइट', मग 'प्रेसिडेंट' आणि १९७४पासून चितोडच्या राणीच्या नावाने 'पद्मिनी' अशी तिची नामांतरे झाली, तरी लोकांच्या तोंडी ती अखेरपर्यंत 'फियाट'च राहिली. ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्डपासून उत्तरपाड्यास झालेली अँबॅसडर आणि मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड ह्या तिच्या समकालीन. विलायतेत 'अभिजात युरोपीय गाडी' म्हटले की जॅग्वार किंवा पोर्शे आठवते. आपल्याकडे त्या पदवीचा खरा हक्क ह्या तीन गाड्यांचा आहे, कारण त्या इथल्या कामगारांच्या हातून घडल्या, इथल्या हुंड्या-पगारांत विकत घेतल्या गेल्या, आणि इथल्या मिस्त्रींनी त्या चाळीस-चाळीस वर्षे जगवल्या. काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सींतली शेवटची गाडी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरताच ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली.

आता विजेच्या गाडीचे स्वतंत्र कूळ पाहू. ती पेट्रोलच्या गाडीची धाकटी बहीण आहे, हा समज चुकीचा आहे. ताशी शंभर किलोमीटरची वेगमर्यादा मनुष्याने रस्त्यावर प्रथम ओलांडली ती १८९९ साली, पॅरिसजवळ, बेल्जियमच्या कामी जेनात्झीने विजेच्या गाडीतून. त्या काळी पेट्रोलचे इंजिन सुरू करायचे म्हणजे पुढून हँडल मारावे लागे, आणि उलट फिरलेले हँडल मनगट मोडून जाई. विजेच्या गाडीला असला उपद्व्याप नव्हता. हा तिचा लाभ हिरावून घेतला तो विजेनेच. चार्ल्स केटरिंगने रचलेला विजेचा स्टार्टर १९१२ साली कॅडिलॅक गाडीत बसला, आणि आपण आज ज्याला 'सेल्फ मारणे' म्हणतो ती सोय पेट्रोलच्या गाडीस मिळाली. सेल्फ म्हणजे एक लहानशी विजेची मोटारच. अशा रीतीने मोटार गाडीत शिरली ती मालकीण म्हणून नव्हे, इंजिनाला पहाटे उठवणारी दासी म्हणून. आणि आज ज्या बदलाची चर्चा आहे तो ह्या दासीला घराची धनीण करण्याचा आहे.

हा बदल मुंबईच्या मिस्त्रीस नवा वाटू नये, कारण त्याच्या तीन पिढ्यांनी निरनिराळ्या निमित्तांनी गाडीचे पोट पालटले आहे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले तेव्हा मोटारबसच्या पाठीशी कोळशाची शेगडी बांधून तिच्या गॅसवर इंजिन चालवण्याचे प्रयोग देशभर झाले; चढणीवर ती गाडी दमत असे, पण चाले. पेट्रोल महागले तेव्हा पुण्याच्या मॅटाडोरचे डिझेल इंजिन अँबॅसडरमध्ये चढले. १९९५ साली महानगर गॅस कंपनी स्थापन झाली आणि शतक पालटताना उच्च न्यायालयाच्या आदेशांनी टॅक्सींना सीएनजी घ्यावा लागला. तेव्हा फियाटच्या डिकीत गॅसची टाकी बसली आणि प्रवाशाची वळकटी टपावरच्या कॅरियरवर गेली. 'किट बसवणे' हा शब्दप्रयोग गॅरेजांत रूढ झाला तो ह्याच काळात, आणि विजेच्या बदलालाही आज तेच नाव आहे.

कायद्याने ह्या नावास मान्यता दिली आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या ५२व्या कलमाने नोंदणीच्या दाखल्यातील वर्णनाशी विसंगत असे फेरफार करण्यास मनाई केली आहे, परंतु निराळे इंधन वा ऊर्जा वापरता यावी म्हणून मान्य किट बसवण्यास मुभा ठेवली आहे, आणि ऊर्जेच्या यादीत बॅटरीचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आहे. ह्या किटांसाठी 'एआयएस १२३' हे मानक असून त्याची कसोटी पुण्याच्या वेताळ टेकडीवरील एआरएआय ह्या १९६६ साली स्थापन झालेल्या संस्थेसारख्या ठिकाणी होते. पुण्याच्याच केपीआयटी कंपनीने २०१०मध्ये भारत फोर्जच्या सहकार्याने 'रेवोलो' नावाचे किट जाहीर केले होते. त्यात इंजिन न काढता त्याच्या जोडीस मोटार लावण्याची योजना होती. तो प्रयत्न घरोघर पोचला नाही, तथापि चालत्या गाडीस वीज जोडण्याचा विचार महाराष्ट्रातच गंभीरपणे झाला, ह्याची नोंद ठेवलीच पाहिजे.

प्रत्यक्ष काम काय असते, ते सांगण्याजोगे आहे. इंजिन, रेडिएटर, सायलेन्सर आणि पेट्रोलची टाकी उतरते. गिअरबॉक्स बहुधा राहतो. मोटारीचा दांडा आणि गिअरबॉक्सचा दांडा एका रेषेत आणण्यासाठी दोहोंमध्ये जाड पत्र्याची एक तबकडी घडवावी लागते, आणि साऱ्या कामाची अब्रू ह्या तबकडीवर असते. इथे सुताचा नव्हे, केसाचाही फरक राहिला तर गाडी थरथरते आणि बेअरिंगे खाते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रबाळे, महापे, तुर्भे इथल्या लहान लहान शेडांतून लेथ आणि मिलिंगवर उभे राहणारे जे कसबी हात आहेत, ते ह्या कामाला अगदी योग्य आहेत. त्यानंतर येते बॅटरी. फियाटसारख्या लहान गाडीस एका युनिटात सहासात किलोमीटर धरले, तर शंभर किलोमीटरसाठी पंधरा युनिटांची बॅटरी लागते. जुन्या शिशाच्या बॅटरीत तिचे वजन चारशे किलोंच्या पुढे गेले असते आणि मागचे पाटे जमिनीस टेकले असते; लिथियमच्या बॅटरीत ते दीडशे किलोंच्या आसपास भागते. हे वजन काही पुढे इंजिनाच्या जागी व काही मागे टाकीच्या जागी असे वाटले पाहिजे, नाहीतर गाडीचा तोल मूळचा राहत नाही. हॉर्न, वायपर, दिवे ह्यांना त्यांचे जुने बारा व्होल्ट वेगळ्या यंत्रातून पुरवावे लागतात. आणि खाडीकाठच्या शहरात, जिथे आषाढात रस्त्यावर गुडघाभर पाणी साचते आणि खारी हवा पत्रा कुरतडते, तिथे बॅटरीची पेटी जलाभेद्य करणे आणि गाडीचा तळ आधी गंजमुक्त करणे ह्यांत कसूर करणारा मिस्त्री मालकाच्या जिवाशी खेळतो.

इतके करून मिळते काय? पेट्रोलच्या इंजिनात इंधनातल्या शक्तीचा जेमतेम चौथा हिस्सा चाकापर्यंत जातो, बाकीची उष्णता होऊन विरते. मोटार आपल्याला मिळालेल्या विजेतला नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग कामी लावते, आणि थांबल्या जागेवरून पूर्ण जोर देते. जाते काय? फियाटच्या १०८९ घनसेंटिमीटरच्या त्या चार सिलिंडरांचा आवाज, जो गल्लीच्या तोंडाशी ऐकू आला की घरातली मुले वडील आले म्हणून दाराकडे धावत. ही हानी खरी आहे, आणि ती लहान मानणाऱ्यांशी माझे पटत नाही.

म्हणून कोणत्या गाडीस हात लावावा, ह्याचा विवेक हवा. जुन्या वाहनांच्या 'फीवा' ह्या जागतिक संघाचे मत असे की, इंजिन काढून विजेवर आणलेली गाडी ऐतिहासिक म्हणवून घेण्यास पात्र नाही, आणि बदल करायचाच तर जुने भाग जपून तो परतवता येईल असा करावा. जॅग्वारने २०१७मध्ये आपली ई-टाइप विजेवर आणून दाखवली तेव्हाही मूळ इंजिन पुन्हा बसवता येईल ह्याची ग्वाही दिली होती. आपल्या केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम केले, त्यांतही सांगाडा, बांधणी व इंजिन ह्यांत मोठा फेरफार नसावा अशी अट आहे. १९७४ची पहिली पद्मिनी २०२४मध्ये ह्या पन्नाशीस पोचली. माझा निर्णय असा : जिचे मूळ इंजिन निरोगी आहे आणि जी पन्नाशीच्या पार गेली किंवा जात आहे, ती गाडी आहे तशी राखावी, पण जिच्या इंजिनाचा ब्लॉक फुटला आहे, जिच्यात आधीच दोनतीन परकी इंजिने चढून उतरली आहेत, आणि जी नव्या मुंबईच्या एखाद्या सोसायटीच्या आवारात ताडपत्रीखाली कुजत पडली आहे, तिला भंगारवाल्याच्या काट्यावर जाऊ देण्यापेक्षा मोटार बसवून रस्त्यावर आणणे हे अधिक पुण्याचे काम आहे.

ज्यांच्या दारी अशी गाडी असेल, त्यांना एवढीच विनंती. किट मान्यताप्राप्त आहे ह्याचे दस्तऐवज आधी हाती घ्या, आणि आपल्या आर.टी.ओ.त आर.सी. बुकावर बदलाची रीतसर नोंद झाल्याखेरीज गाडी बाहेर काढू नका. पत्रा कापू देऊ नका, नवी भोके पाडू देऊ नका. आणि उतरवलेले इंजिन, मग ते कितीही जीर्ण असो, भंगारात देऊ नका. ते स्वच्छ पुसून, तेल लावून, लाकडी फळीवर, कुर्ल्याच्या कारखान्यात ठोकलेला नंबर वाचता येईल असे ठेवा, जुन्या आर.सी. बुकात तोच नंबर लिहिलेला आहे.